चौथं चाक

खोटं वाटत असेल तर वाटू दे. मी कोणाच्या पाया पडणार नाही.

पण शहाडला, उल्हास नदीच्या बाजूला एक सोसायटी आहे. तिच्या बी विंगच्या पार्किंगमध्ये एक राखाडी गाडी उभी आहे. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारपासून ती जागची हललेली नाही. कोणाला बघायची असेल तर दिवसाढवळ्या जा आणि बघा. फक्त डाव्या बाजूच्या मागच्या चाकाला हात लावू नका.

ही गोष्ट रात्रीची नाही. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी, यातलं काहीही हिच्यात सापडणार नाही. जे झालं ते सकाळी सव्वासहाला झालं, दूधवाला येऊन गेल्यावर.

गाडी माझ्या मावसभावाची. सर्वेश त्याचं नाव. हॉस्पिटलांतली डायलिसिसची मशिनं दुरुस्त करायचं काम करतो. सकाळी शहाडहून निघायचं, कल्याण, डोंबिवली, मग भिवंडी बायपासने ठाणे, तिथून घोडबंदर रोडची चार हॉस्पिटलं आणि परत घरी. रोजचे दीडशे किलोमीटर कुठे गेले नाहीत. मशीन बंद पडलं की पेशंट तसाच ताटकळतो, त्यामुळे याला उशीर करून चालत नाही.

जवळपास अडीच वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला त्याने नवीकोरी गाडी घेतली.

त्याच्यापेक्षा जास्त आनंद उत्तमकाकांना झाला.

उत्तमकाका म्हणजे सर्वेशचे वडील. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं मेकॅनिक. माणूस तसा कमी बोलणारा, पण इंजिन चालू झालं की यांचा कान तिकडे. लग्नाच्या वरातीतसुद्धा ते नवरदेवाकडे न बघता त्याच्या गाडीच्या सायलेन्सरचा आवाज ऐकत उभे असायचे. आम्ही पोरं हसायचो, पण कोणाची स्कूटर बिघडली की पहिली आठवण त्यांचीच यायची.

सर्वेशचं बालपण यांच्या शेजारी टॉर्च धरून बसण्यात गेलं. काका खाली आडवे, हा उकिडवा. हात जरा हलला की ओरडा बसायचा.

"उजेड माझ्या हातावर पाहिजे, तोंडावर नको!"

तर दसऱ्याला गाडी आली. चार चाकांखाली चार लिंबं, नारळ, झेंडूचा हार, सगळं यथासांग झालं. मग काकांनी पिशवीतून एक लाकडी दांडा काढला. जुन्या हातोडीचा. हाताळून हाताळून काळा, गुळगुळीत झालेला. त्यालाही हळदकुंकू लावलं. दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची असते, आणि काकांचं हत्यार ते.

पूजा झाली आणि काका नेहमीसारखा डावा पाय जरा ओढत गाडीभोवती फिरले. ड्रायव्हरच्या बाजूचं मागचं चाक. ठक. मग पुढचं. ठक. बॉनेटला वळसा घालून डावीकडचं पुढचं. ठक. आणि शेवटी डावीकडचं मागचं. ठक.

प्रत्येक वेळी मान तिरकी करून ऐकायचे. मनासारखा आवाज आला की खिशातून खडू काढून टायरवर बरोबरची खूण करायचे. वर्कशॉपात त्यांनी स्वतःलाच लावून घेतलेली सवय होती ती. संशय आला की फुली. काकांनी फुली मारली की ती गाडी हलायची नाही, मग कोणीही येऊन सांगो.

"बाबा, हिच्यात सेन्सर आहेत," सर्वेश हसत म्हणाला. "हवा कमी झाली की स्क्रीनवर दिसतं."

"सेन्सरच्या घरी वाट बघणारं कोण असतं रे?" काका म्हणाले.

सर्वेशचं हसू काही लपलं नाही.

त्या दिवसापासून काकांचा नेम सुरू झाला. संध्याकाळी गाडी लागली की इंजिनाखाली एक कोरा पुठ्ठा सरकवायचा. सकाळी सव्वासहाला खाली जाऊन बघायचं, पुठ्ठ्यावर ऑइलचा थेंब पडलाय का. मग चार ठोके, चार खुणा. मगच सर्वेशच्या हातात चावी.

एक वहीही केली होती. दर पाच हजार किलोमीटरला काय काय करायचं, ते आधीच लिहून ठेवलेलं. ऑइल, फिल्टर, ब्रेक, टायरची अदलाबदल. अक्षर किरटं, पण सुवाच्य. वहीतली शेवटची ओळ अशी होती...

'एक लाखाला गाडी उभी करणे. मी स्वतः बघीन.'

काका माघात गेले. झोपेतच. गाडी तेव्हा पंधरा हजार चालली होती.

सर्वेश खचला. पण मशिनं थांबत नाहीत, त्यामुळे गाडीही थांबली नाही. सर्व्हिसिंग तो वेळच्या वेळी करायचा, ठाण्यात कोपरीला साईनाथकडे. साईनाथ काकांच्या हाताखाली शिकलेला, आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. रोजचं मात्र सगळं सुटलं. पुठ्ठा गेला, खडू गेला. दांडा काकांच्या पेटीत घालून, कुलूप लावून माळ्यावर टाकला.

वर्ष गेलं. काकांचं वर्षश्राद्ध झालं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सर्वेश खाली आला, तर गाडीखाली...

पुठ्ठा होता.

टीव्हीच्या खोक्याचा. नीट कापलेला, इंजिनाच्या बरोब्बर खाली. कोरडा ठणठणीत.

सर्वेशला वाटलं, दगडूचं काम. दगडू म्हणजे सोसायटीतल्या गाड्या पुसणारा.

"मी नाय साहेब," दगडू म्हणाला. "मी सातला येतो. तेव्हा तो असतोच ठेवलेला. मला वाटलं तुमचा नेम हाय."

"असतोच म्हणजे? रोज?"

"रोज नाय, आजच बघितला. पण सरळ किती लावलाय बघा ना. आजचा नाय वाटत तो हात."

सर्वेशने पुठ्ठा उचलून कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी नवा होता.

पुढच्या महिन्यात गाडी पासष्ट हजाराच्या सर्व्हिसिंगला कोपरीला गेली. साईनाथने बॉनेट उघडलं आणि वाकून एकेक भाग बघितला.

"माणूस ठेवलायस का रे कोणी?"

"कशाला?"

"बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावलंय. पाइपांवरची धूळ पुसलीय. बेल्ट बघ, हात लावून बघ. पासष्ट हजार चाललेली गाडी नाही वाटत ही, शोरूमची वाटते." साईनाथने हात पुसले. मग हळूच म्हणाला, "अशी गाडी मी एकाच माणसाला ठेवताना बघितलंय."

दोघंही हसले. मग दोघांचंही हसू एकदमच थांबलं.

त्या रात्री सर्वेशला झोप लागली नाही. पहाटे जरा डोळा लागला आणि लगेच उघडला. घर पहिल्या मजल्यावर, पार्किंगच्या बरोबर वर. घड्याळात सव्वासहा.

खालून आवाज आला...

ठक.

मग चार पावलं. डावा पाय किंचित ओढत टाकलेली.

ठक.

सर्वेश अंथरुणात उठून बसला. शेजारी संचिताही जागी होती. ती त्याची बायको, शाळेत शिकवते, भुताखेतांवर बोलणाऱ्यांना उभं करत नाही. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

ठक.

मग बराच वेळ काही नाही. आणि मग...

ठक.

सर्वेश धावत खाली गेला. पार्किंग रिकामं. चारही टायरवर खडूची बरोबरची खूण. ताजी. बोट लावलं तर भुकटी निघाली.

वर येऊन त्याने स्टूल घेतलं आणि माळ्यावरून पेटी काढली. कुलूप तसंच. वर वर्षाची धूळ. आत दांडा होता. त्याच्या टोकाला ओली माती लागलेली होती.

आता खरं सांगायचं तर सर्वेशला भीती वाटली नाही. त्याला बरं वाटलं. जमिनीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. संचिताने त्याला रडू दिलं आणि मग एवढंच म्हणाली, "गाडीचं बघतायत तर बघू देत. घरात येऊ नयेत म्हणजे झालं."

इथपर्यंत मलाही सर्वेशने फोनवर सांगितलं होतं. मी चेष्टा केली. म्हटलं, काकांना माझ्याही गाडीचा नंबर दे. आता ते आठवलं की जीभ चावतो.

मे महिन्यात गाडी त्र्याहत्तर हजारांवर होती. एक दिवस सर्वेश खाली आला, तर तीन टायरवर बरोबरची खूण आणि डावीकडच्या पुढच्या टायरवर...

फुली.

त्याने वाकून बघितलं. टायर धडधाकट. गाडी चालू केली, स्क्रीनवर चारही टायर हिरवे. घोडबंदरच्या हॉस्पिटलमधून दोन फोन येऊन गेलेले, तीन पेशंट थांबलेले. त्याने रुमालाने फुली पुसली आणि निघाला.

बायपासवर गाडी नव्वदने पळाली. माजिवड्यापर्यंत काही नाही. घोडबंदर रोडला लागला आणि नेहमीप्रमाणे ट्रॅफिक मेलेला. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि तेवढ्यात फाट्कन आवाज झाला. टायर आतल्या बाजूने फाटला होता, हाताचा पंजा जाईल एवढा. पाच मिनिटं आधी फाटला असता तर मी आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो. ज्या ट्रॅफिकला सगळं ठाणं शिव्या देतं, त्याच्यामुळे सर्वेश वाचला.

त्यानंतर माणूस बदलला.

आधी सव्वासहाला जाग यायची, आता पाचलाच. अंथरुणात ताठ पडून तो वाट बघायचा. चार ठोके मोजायचे, मग श्वास सोडायचा. खाली जाऊन चार खुणा बघायच्या, मोबाईलमध्ये फोटो काढायचे. एखाद्या दिवशी ठोक्याला जरा उशीर झाला की हा घामाने भिजायचा. गाडी दिवसाला दीडशे किलोमीटर पळत होती आणि याचं मन त्याच्या दुप्पट.

"तू गाडी चालवतोयस की बाबा?" संचिताने एकदा विचारलं.

आकडा वाढत होता. ऐंशी झाले. नव्वद झाले. काकांच्या वहीतली एकेक ओळ पार पडत होती आणि शेवटची ओळ जवळ येत होती.

'मी स्वतः बघीन.'

सर्वेश ती ओळ उघडून बसायचा. काका होते तेव्हा लिहिलेली साधी ओळ. पण आता तिचा अर्थ काय लावायचा?

आणि मग मार्गशीर्षातला तो दुसरा गुरुवार आला.

संचिता पहाटेच उठली होती. गुरुवारची पूजा असते तिची, घट मांडायचा, रांगोळी, सगळं शाळेला जायच्या आत उरकायचं. दूध घेतल्यावर दार नुसतं लोटलेलं राहिलं. सर्वेश आतल्या खोलीत पडून कान लावून होता.

सव्वासहा.

ठक.

बरं वाटलं त्याला. मग पावलं...

ठक.

आणि त्याच वेळी खालून दुसरा एक आवाज आला. हसण्याचा.

सान्वीचा.

सान्वी त्यांची मुलगी. आठ वर्षांची. तिच्या अंथरुणात नुसती उशी होती.

सर्वेश जिन्यावरून कसा उतरला ते त्याला आजही सांगता येत नाही. खाली नदीकडून धुकं आलेलं. गाड्यांच्या टपांच्या वर काही दिसत नव्हतं. त्यात त्याला सान्वी दिसली. नाइटड्रेसवर, अनवाणी. डावीकडच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसलेली. एक तळहात टायरवर. आणि मान वर करून ती कोणाकडे तरी बघत होती.

तिथे कोणी नव्हतं.

ठक.

डावीकडचं पुढचं चाक. तिसरा ठोका सर्वेशने डोळ्यांसमोर ऐकला. टायरवर खूण उमटताना बघितली. खडू दिसत नव्हता, रेघ दिसत होती.

मग पावलं निघाली. डावा पाय ओढत. सान्वीच्या दिशेने.

एक... दोन... तीन...

"बाबा, पुरे!" सर्वेश ओरडला. "पुरे झालं! गाडी माझी आहे, पोरगी माझी आहे. मी बघेन काय ते. तुम्ही जा आता!"

पावलं थांबली.

नुसतीच थांबली. परत फिरल्याचा आवाज नाही, गेल्याचा नाही.

सर्वेशने सान्वीला उचललं आणि वर आणलं. ती हातपाय झाडत रडत होती. भेदरून नाही, रागाने.

"शेवटचं मी करणार होते! आजोबा म्हणाले, शेवटचं तू कर. तू ओरडलास म्हणून ते बोलायचे थांबले!"

तिच्या मुठीत खडूचा तुकडा होता.

त्या दिवशी सर्वेश मोटरसायकल काढून कामाला गेला. जाता जाता शहाडच्या पुलावरून तो खडू त्याने नदीत टाकला. गाडीच्या तीन टायरवर खुणा होत्या. चौथ्यावर काही नव्हतं. मीटरवर आकडा होता ९९,९८६.

रात्री जेवताना सान्वी आपणहून बोलली. भाताचा घास हातात धरून, अगदी सहज.

"आजोबा म्हणाले, लाख झाले की मोठं काम आहे. टॉर्च धरायला कोणीतरी लागेल."

संचिताच्या हातातली वाटी खाली पडली.

मी दोन दिवसांनी शहाडला गेलो. साईनाथही कोपरीहून आलेला. त्याने चौथं चाक काढलं, टायर उलटासुलटा करून बघितला, नट तपासले, बेअरिंग बघितलं. काही नाही. तरी नवा टायर घातला. मग दांडा घेऊन एकेक चाक ठोकलं. तीन चाकांचा आवाज आला तसाच, भरीव.

चौथ्यावर दांडा मारला आणि...

काहीच नाही.

मी म्हटलं, जोरात मार. त्याने मारला. टायर दबताना दिसला, दांडा उसळताना दिसला. आवाज नाही. साईनाथने दांडा माझ्या हातात दिला. मीही मारला. मनगटाला झिणझिण्या आल्या, कानाला काही आलं नाही. साईनाथ दांडा खाली ठेवून हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "उस्तादांनी गाडी सोडलेली नाही अजून. मी नाही हात लावणार."

"विकून टाक," मी सर्वेशला म्हटलं.

"कोणाला विकू दादा?" तो म्हणाला. "फुली असती तर टायर बदलला असता. बरोबर असती तर चालवली असती. काहीच नसेल तर माणसाने करायचं काय? दुसऱ्याच्या पोराबाळांना बसवू त्याच्यात?"



त्यानंतर ठोके बंद झाले. पुठ्ठा बदलायचा बंद झाला. तुम्हाला वाटेल, सुटला. तर तसं नाही. सर्वेश पाचला उठतो ते उठतोच. सव्वासहापर्यंत छातीवर हात ठेवून ऐकत राहतो. म्हणतो, आवाज यायचा तेव्हा निदान ते कुठे आहेत हे कळायचं.

गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी बसते, म्हणून दर रविवारी तो ती उभ्या उभ्या दहा मिनिटं चालू करतो. पहिल्या रविवारी त्याने मीटर बघितलं...

९९,९८७.

त्याला वाटलं, आपली नजरचूक. पुढच्या रविवारी ९९,९८८.

चाकापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं आहे, ते तुटलेलं नाही. काचेवर धुळीचा थर आहे. धुक्याने फरशी ओलसर होते, पण टायरखालची जागा तेवढी कोरडी आहे. साईनाथला फोन केला, तर त्याने येऊन बॅटरीच काढून नेली. आठवड्याने परत लावली.

एक वाढलेला होता.

संचिताने मग ऐकलं नाही. सान्वीला घेऊन ती डोंबिवलीला आईकडे राहायला गेली. सर्वेशला चल म्हणाली, भांडली, रडली. तो गेला नाही. मला त्याने कारण सांगितलं, तिला सांगितलं नाही.

"कोणीतरी लागेल असं म्हणालेत ना ते? मी इथे असलो तर मला हाक मारतील. मी नसलो तर..."



काल रविवार होता. सकाळी सहा वाजून तेरा मिनिटांनी माझा फोन वाजला. सर्वेश.

"दादा, अठ्ठ्याण्णव."

"म्हणजे?"

"नव्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. दोन रविवार राहिले." त्याचा आवाज शांत होता. "तू इकडे येऊ नकोस. त्या दिवशी पहाटे संचिताच्या आईकडे जाऊन बस. सव्वासहाला सान्वी झोपलेली असली पाहिजे. दाराला आतून कडी, आणि तू दाराशी. एवढं कर माझ्यासाठी."

मी हो म्हणालो. अजून काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात फोनमध्ये, त्याच्या मागून कुठून तरी...

ठक.

सर्वेशचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

ठक.

किती महिन्यांनी!

ठक.

आम्ही दोघंही फोन कानाला धरून बसलो. एक मिनिट गेलं. दोन गेली. तो शहाडला, मी माझ्या घरी डोंबिवलीत, आणि दोघंही चौथ्याची वाट बघत.

आला नाही.

"टॉर्चमध्ये नवीन सेल घातलेत," सर्वेश म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी सान्वीला बघायला गेलो. संचिता स्वयंपाकघरात होती. पोरगी मजेत दिसली, गालावर तुकतुकी. मला जरा हायसं वाटलं.

"काका, तुझा मोबाईल दे ना."

मी दिला. गेम खेळेल म्हटलं. ती तो घेऊन जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली. उकिडवी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आवाज नाही. मी वाकून बघितलं.

तिने मोबाईलचा टॉर्च लावला होता. एका हाताने धरून समोर फरशीवर उजेड पाडला होता, जिथे काहीच नव्हतं.

"काय करतेस गं?"

"प्रॅक्टिस," ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

उजेड एकाच जागी पडला होता. तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता.